मावशीच्या मणक्यातले दोन डाग

मावशीला कॅन्सर झाल्याचं मला घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं. मी रेडिओलॉजिस्ट आहे. दिवसभर एका अंधाऱ्या खोलीत बसून लोकांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन बघते आणि त्यांचे रिपोर्ट लिहिते. नागपुरातल्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात हे काम करणारी मी एकटीच. तरीही मावशीच्या पाठीचा एमआरआय झाल्याचं तिच्या मुलाने मला फोन करून सांगितलं नाही. रिपोर्टच्या शेवटच्या पानाचा फोटो त्याने ग्रुपवर टाकला, खाली जोडलेले हात आणि ‘आईसाठी प्रार्थना करा’ एवढा मजकूर. मावशी ग्रुपमध्ये नव्हती. मोबाइलचा तिला तिटकारा आहे, आणि त्या दिवशी मला तो फार शहाणपणाचा वाटला.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर वैद्यकीय मंडळ भरलं. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या एका काकांनी स्टेज ठरवून टाकली. एका वहिनींनी मुंबईच्या दवाखान्यात ओळख असल्याचं कळवलं. कुणी हळदीचा काढा सांगितला, कुणी साखर बंद करायला. रिपोर्टचं पहिलं पान कुणी मागितलं नाही. स्कॅन कुणी मागितला नाही.

माझा हा मावसभाऊ, त्याला मी दादा म्हणते, बेसा भागात प्लॉट आणि फ्लॅट विकून देतो. रिकाम्या वावरासमोर गिऱ्हाइकाला उभं करून कागदावरची बाग आणि जलतरण तलाव दाखवायचा, हा त्याचा रोजचा उद्योग. त्याला कागद पुरतो. मी फोन करून विचारलं की मला आधी का नाही सांगितलं, तर तो अगदी समजूतदार आवाजात म्हणाला, “तू तर फोटोवाली डॉक्टर आहेस ना. इलाज तर सर्जन करतात.” असं त्याने माझ्या घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसूनही पूर्वी सांगितलेलं होतं, त्यामुळे मी वाद घातला नाही. स्कॅन कुठे आहे एवढंच विचारलं. तो म्हणाला, घरीच आहे, सर्जननी रिपोर्ट पाहिला ना.

रविवारी मी प्रतापनगरला मावशीकडे गेले. मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. शाळेत खेळाची शिक्षिका होती. मुलींच्या खो-खोच्या संघांना तिने आयुष्यभर पळवलं आणि निवृत्तीनंतरही सकाळी मैदानावर जायची सोडली नव्हती. तिचे यजमान गेल्यापासून ती दादा-वहिनींबरोबर राहते. दिवाळीनंतर तिची कंबर दुखायला लागली. आधी तेल झालं, मग पट्टा, मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरच्या गोळ्या. दुखणं वाढतच गेलं तेव्हा कुठे एमआरआय.

घराबाहेर चपलांचा ढीग होता. हॉलमध्ये अमरावतीचे, वर्ध्याचे, धरमपेठेतले, सगळे जमलेले. वहिनी चहा करून करून थकलेली. टीपॉयवर संत्र्यांच्या पिशव्या, आणि आवाज सगळ्यांचे खाली, कुणी गेलेल्या घरात असतात तसे. दादा पांढरा कुडता घालून मधल्या खुर्चीवर बसला होता. त्याला खरोखर दुःख झालं होतं, ते मी नाकारत नाही. पण त्या दुःखात त्याला थोडी बढतीही मिळाली होती. एरवी ज्याच्या प्लॉटच्या गोष्टी कुणी ऐकून घेत नसे, त्याचं बोलणं आज लोक मान हलवत ऐकत होते. तो प्रत्येक नव्या पाहुण्याला पहिल्यापासून सगळं सांगत होता आणि शेवटी बजावत होता की आईला काही माहीत नाही, तिच्यासमोर बोलायचं नाही.

मी सरळ आतल्या खोलीत गेले. मावशी कुशीवर पडून होती. बरीच वाळली होती. तिने मला बसायला सांगितलं आणि हॉलकडे हनुवटी करून विचारलं, “बाहेर कोण मेलं वं?”

मी म्हटलं, कुणी नाही.

“मंग एवढे लोक कायले आले? माह्या पाठीले काय झालं ते सगळ्या नागपूरले माहीत आहे, मलेच माहीत नाही.”

मलाही अजून माहीत नाही, मी स्कॅन पाहून सांगते, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, पाहा, आणि पाहिलं ते सगळं सांग.

स्कॅनचं मोठं पाकीट फ्रिजवर होतं, त्यावर मोसंब्यांची पिशवी ठेवलेली. आतल्या सीडीचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. म्हणजे ज्या सर्जनच्या शब्दावर हे सगळं घर सुतकात बसलं होतं, त्याने चित्र पाहिलेलंच नव्हतं. तो नावाजलेला मणक्याचा सर्जन आहे. त्याच्याकडे नंबर लागायला ओळख लागते आणि नंबर लागला की तो शेवटची ओळ वाचतो. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की पाठीच्या बाराव्या मणक्यात डाग आहे आणि दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. त्यावर त्याने सांगून टाकलं होतं की मणका ढासळण्याआधी त्यात हाडात भरायचं सिमेंट भरू, त्याच वेळी तुकडा तपासायला घेऊ, आणि तोपर्यंत कॅन्सर कुठून आला ते शोधायला सगळ्या शरीराचा स्कॅन करून आणा.

मी फिल्म काढल्या आणि गॅलरीच्या दाराशी उजेडात धरल्या.

आमच्या कामात जादू काही नसते. एमआरआयमध्ये एकाच हाडाची अनेक प्रकारची चित्रं घेतात. एका प्रकारात चरबी पांढरी दिसते, एकात पाणी पांढरं दिसतं, आणि एकात चरबी मुद्दाम पुसून टाकतात म्हणजे जिथे सूज असेल तेवढीच उजळून दिसते. हाडाच्या मज्जेत चरबी असते. कॅन्सर हाडात घुसला की ती चरबी हटवून तिथे स्वतः बसतो, म्हणून चरबीच्या चित्रात तो बहुतेक वेळा काळा दिसतो. मावशीचा डाग चरबीच्या चित्रात पांढरा होता. पाण्याच्या चित्रातही पांढरा, आणि त्यात उभ्या जाड रेघा, कॉर्डरॉयच्या कापडाला असतात तशा. याला हिमँजिओमा म्हणतात. हाडातल्या बारीक रक्तवाहिन्यांचा आणि चरबीचा गुंता. कित्येक माणसांच्या मणक्यात असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. गालावर तीळ असावा तसा तो हाडात असतो. काही हिमँजिओमा फसवे असतात, त्यांच्यात चरबी कमी असते आणि मग ते कॅन्सरसारखे दिसतात. हा तसा नव्हता. हा पुस्तकात छापतात तसा होता.

पण मावशीची कंबर दुखत होती, आणि बारावा मणका कंबरेच्या बराच वर असतो. म्हणून मी खाली बघत गेले. कंबरेच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यांमधली गादी बसलेली होती. रिपोर्टमध्ये तिच्याबद्दल ‘वयोमानानुसार झीज’ असे शब्द होते. साठी ओलांडलेल्या बाईच्या पाठीत ते शब्द आम्ही डोळे मिटून लिहितो. पण चरबी पुसलेल्या चित्रात ती गादी आतून ओली, पांढरी दिसत होती. झिजलेली गादी बहुधा सुकलेली, काळी असते. गादीला लागून असलेल्या दोन्ही मणक्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या पुसट, दोन्ही मणक्यांत सूज, आणि बाजूच्या स्नायूत एक छोटा फुगवटा. कॅन्सर सहसा मणक्यात राहतो, गादीला हात लावत नाही. जंतू मात्र गादी पोखरून वरच्या आणि खालच्या, दोन्ही मणक्यांत जातात. आपल्याकडे असं सावकाश, महिनोन्महिने चालणारं पोखरणं दिसलं की पहिल्यांदा टीबी आठवायचा असतो. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

मी आत जाऊन मावशीला विचारलं की संध्याकाळी ताप येतो का. ती म्हणाली, ताप मोजला नाही, पण दिवेलागणीला अंग मोडून येते आणि थंडी वाजते. भूक लागत नाही. पडून राहिलं तरी दुखणं कमी होत नाही. हे तिने आधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मी तिला दोन्ही डाग समजावून सांगितले, सर्जनचा सिमेंटचा बेत सांगितला, आणि बाहेर लोक कशासाठी जमलेत तेही सांगितलं. ती कोपरावर रेटून थोडी उठली. मग म्हणाली, “म्हणजे जो काही करत नाही त्याच्यात सिमेंट भरून राहिले, अन् जो खाऊन राहिला त्याले कोणी पाहिलंच नाही.”

मी हो म्हटलं.

हॉलमध्ये मी हेच सांगितलं तेव्हा कुणाला आनंद झाला नाही. मला वाटलं होतं, निदान सुटकेचा श्वास तरी ऐकू येईल. वीज मंडळातल्या काकांनी विचारलं की इतक्या मोठ्या सर्जनला कळलं नाही आणि तुला गॅलरीच्या दाराशी उभं राहून कळलं का. वर्ध्याच्या आत्याबाई म्हणाल्या की घरचा माणूस मनाला बरं वाटावं म्हणून असं बोलतो. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, “तू इमोशनल होऊन राहिली. सर्जन काय खोटं बोलून राहिला का?” मी म्हटलं, तो खोटं बोलत नाहीये, त्याने पाहिलेलंच नाही. हे त्याला खोट्यापेक्षा जास्त अपमानाचं वाटलं, कारण त्या सर्जनकडे नंबर त्याने लावला होता.

दुसऱ्या दिवशी, ज्याने तो रिपोर्ट लिहिला त्या ओळखीच्या डॉक्टरला मी फोन केला. तो म्हणाला, मी कॅन्सर आहे असं कुठे लिहिलं, नाकारता येत नाही असं लिहिलं. हे वाक्य आमच्या धंद्यातली छत्री आहे. पाऊस असो नसो, उघडून बसायचं. उद्या काही निघालं तर मी लिहिलं होतं, नाही निघालं तरी मी लिहिलं होतं. त्या छत्रीतून गळणारं पाणी ज्याच्या अंगावर पडतं तो घरी जाऊन ग्रुपवर हात जोडतो. मी त्याला खालच्या गादीबद्दल विचारलं. तो म्हणाला की त्या दिवशी फार स्कॅन होते. आमच्याकडे रोजच फार स्कॅन असतात.

मग मी दादाबरोबर सर्जनकडे गेले. त्याने सीडी पहिल्यांदा आमच्यासमोर संगणकात घातली. मी बोट ठेवून दोन्ही जागा दाखवल्या. तो मागे रेलला आणि हसत म्हणाला, “मॅडम, तुम्ही लोक लिहिता नाकारता येत नाही, आणि मग तुम्हीच येऊन सांगता नाकारा.” तो बरोबर बोलला म्हणून मला त्याचा आणखीच राग आला. मी म्हटलं, तो रिपोर्ट माझा नाही, पण चित्र तर तुमच्यासमोर आहे. त्याने चित्राकडे बघितलं, म्हणजे तोंड तिकडे केलं, आणि म्हणाला की सेफ साइड म्हणून वरच्या मणक्यात सिमेंट भरून टाकू, खालचं नंतर बघू. सेफ कुणासाठी, असं मी विचारल्यावर त्याने दादाकडे वळून पुढच्या आठवड्यातली तारीख सुचवली. दादा मान हलवत होता. त्या केबिनच्या भिंतीवर सर्जनचे पुढाऱ्यांबरोबरचे फोटो होते आणि दादाची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती.

शेवटी निकाल मावशीनेच लावला. घरी परत आल्यावर दादा तिला गोल गोल शब्दांत सांगायला लागला की छोटंसं ऑपरेशन आहे. तिने त्याला मध्येच थांबवलं. “मले सगळं माहीत आहे. सुई खालच्या जागी टोचा. वरच्याले काहून छळता?” दादा म्हणाला, आई, ते मोठे डॉक्टर आहेत. ती म्हणाली, असतील, पण पाठ माही आहे. वहिनी त्या वेळी दारात उभी होती. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलली. आईंचं ऐका, एवढंच म्हणाली.

मी जिथे काम करते तिथे तिचा सीटी केला. वरच्या मणक्यात, आडव्या छेदात, पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी दिसली. हिमँजिओमाची ती खूणच आहे, आता शंकेला जागा नव्हती. खालच्या दोन मणक्यांच्या कडा मात्र उंदराने बिस्किट कुरतडावं तशा. सीटीत बघत बघत तिथे सुई घालून तपासायला नमुना घ्यायचा होता. आपल्या माणसाला आपण टोचू नये म्हणून ते काम माझ्या वरिष्ठ सहकारी बाईंनी केलं. मी काचेमागे उभी राहिले. चित्रं बरोबर वाचल्याचा मला विश्वास होता, पण हॉलमधल्या सगळ्या लोकांचे चेहरे मी त्या काचेत बघत होते, आणि आतून एकच चिंता होती की मी चुकले तर हे लोक जन्मभर मान हलवतील. सिरिंजमध्ये घट्ट पिवळट पू आला. तपासणीत टीबीचे जंतू निघाले, नेहमीच्या औषधांना दाद देणारे. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता.

मी दादाला फोनवर सांगितलं की कॅन्सर नाही, टीबी आहे, गोळ्यांनी बरा होतो, गोळ्या मात्र वर्षभर तरी न चुकता घ्याव्या लागतील. त्याने हलक्या आवाजात विचारलं, “हे कोणाले सांगितलं तर नाहीस ना?”

मला आधी त्याचं म्हणणं कळलंच नाही. कॅन्सर असताना ज्याने अख्ख्या खानदानाला बोलावलं, त्याला टीबी लपवायचा होता. ग्रुपवर त्याने लिहिलं, ‘देवाच्या कृपेने आईचे रिपोर्ट चांगले आले, थोडं इन्फेक्शन आहे.’ जोडलेल्या हातांचा पूर आला. पण बातमी फुटायची ती फुटलीच. आणि मग प्रतापनगरच्या दारातल्या चपला नाहीशा झाल्या. ज्या बाईने रविवारी मावशीच्या डोक्यावरून हात फिरवत डोळे पुसले होते, तिने घरात लहान मूल आहे म्हणून येणं थांबवलं. काकांचे गुडघे अचानक दुखायला लागले. कॅन्सरची मावशी सगळ्यांना हवी होती. तिच्याजवळ बसून आल्याचं चार लोकांत सांगता येत होतं. टीबीची मावशी कुणालाच नको होती.

घरातही तिचं ताट आणि पेला वेगळा झाला. मी दादाला समजावून सांगितलं की जंतू तिच्या मणक्यात आहेत, फुप्फुसात नाहीत, तिच्या खोकल्यातून ते बाहेर येत नाहीत, एका ताटात जेवलात तरी काही होणार नाही. तो म्हणाला, मले समजते, पण लोकांले कोण समजावेल. लोक म्हणजे कोण, तर त्याच्या मुलीच्या स्थळाची बोलणी चालू होती. घरात टीबी निघाला हे मुलाकडच्यांना कळलं तर, या भीतीने तो सुकून चालला होता. त्याच्या भीतीची मला कीव यायला हवी होती. आली नाही. तीच माणसं, तीच मावशी, आणि आजाराचं नाव बदलल्याबरोबर आईचं ताट वेगळं करणारा मुलगा, एवढंच मला दिसत होतं.

मावशी गोळ्या खाऊन दिवसभर मळमळत पडायची, पण गोळी चुकवली नाही. काही महिन्यांनी पट्टा बांधून चालायला लागली. तेव्हा आमच्यात चुलत घराण्यातलं एक साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. दादा तिला नेत नव्हता. ती स्वतःच लुगडं नेसून तयार झाली आणि मला गाडी घेऊन बोलावलं. पंगतीत मी तिच्या शेजारी होते. समोरच्या एका बाईंनी आवाज खाली करून विचारलं, तुमच्या मणक्यात काहीतरी इन्फेक्शन झालं होतं म्हणे.

मावशी तिच्या नेहमीच्या, मैदानावरच्या आवाजात म्हणाली, “टीबी आहे. मणक्याचा. औषध चालू आहे.”

आजूबाजूचे चार-पाच लोक जेवता जेवता थांबले. डाव्या हाताच्या बाईने आपला मठ्ठ्याचा पेला हळूच पलीकडे सरकवला. दादा दोन ताटं सोडून बसला होता. तो उठून आला आणि दात आवळून तिला म्हणाला की इथे हे सांगायची काय गरज होती. मावशीने घास गिळला, पाणी प्याली आणि त्याच्याकडे बघून विचारलं, “कॅन्सर होता तवा तर सगळ्या दुनियेले सांगितलं. आता काहून लाज वाटून राहिली तुले?”

तो जागेवर जाऊन बसला आणि पुढचं न जेवता उठला.

मुलाकडच्यांना अर्थातच कळलं. त्या मुलाच्या आईने माझा नंबर मिळवून मला फोन केला. आजींचा टीबी फुप्फुसाचा आहे का, एवढं एकच विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्या बरं म्हणाल्या आणि लग्नाच्या हॉलबद्दल बोलायला लागल्या. दादाने इतके महिने जिची धास्ती घेतली त्या बाईला त्यात काही विशेष वाटलंच नाही. लग्न उन्हाळ्यात झालं. त्यात मावशीला पहिल्या रांगेत बसवलं होतं.

औषध संपल्यावर पुन्हा एमआरआय केला. तो मी वाचला. खालचे दोन मणके एकमेकांना चिकटून एक होत चालले होते, सूज नव्हती, पू नव्हता. मावशीला आता जमिनीवर बसता येत नाही आणि कंबरेत थोडा बाक राहिला आहे. सकाळी ती मैदानावर जाते, पण प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मुलींना ओरडते. मुलीही तिच्याच आवाजाला पळतात.

सर्जन अजूनही नावाजलेला आहे आणि त्याच्याकडे नंबर लागायला अजूनही ओळख लागते. दादाने मात्र गोष्ट आपल्या सोयीची करून घेतली आहे. परवा एका गिऱ्हाइकाची बायको पाठदुखीने हैराण होती, तर त्याने तिला सल्ला दिला की एका डॉक्टरवर कधी विसंबू नये, माझ्या आईच्या वेळी मी स्वतः सीडी घेऊन दुसरीकडे दाखवली म्हणून ती वाचली. त्या वेळी मावशी तिथेच बसलेली होती. मला हे सांगताना ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, जाऊ दे, पोट्टं आहे माहं. मला काही हसू आलं नाही.